व्यवहार आणि मैत्री

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर नेहमीप्रमाणे चर्चा बसली. अशा चर्चेत बहुधा ठरावीक प्रश्न येतात. लग्नविधी कसा करावा, घरातला जुना देव्हारा काढला तर सासूबाई बोलतात त्यांना काय सांगावे, मुलांच्या दाखल्यावर काय लिहावे. त्या दिवशी मात्र मागे बसलेल्या एका तरुणाने निराळाच प्रश्न विचारला. दीक्षा घेऊन त्याला जेमतेम वर्ष झाले आहे. तो घरोघर फिरून पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकतो.

तो म्हणाला, "बाई, आम्हाला पंधरा दिवस शिकवले, माल नंतर, माणूस आधी. घरात पाऊल टाकले की मुलांची चौकशी करायची, भिंतीवरचा फोटो बघून त्यावर बोलायचे, वाढदिवस वहीत टिपून ठेवायचा. मला त्या मुलांशी काय घेणेदेणे? मी विचारतो ते यंत्र खपावे म्हणून. गणपती दिसला की हात जोडतो, बाबासाहेब दिसले की जयभीम घालतो. आडनाव विचारले तर अर्धेच सांगतो. मग रोज सकाळी मी मुसावादा वेरमणी म्हणतो, त्याचे काय?"

मी शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही सवय जडलेली. "गोड बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे," असे काहीतरी सांगून मी विषय मिटवला. त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळत आहे. त्याचे उत्तर शोधताना मला माझाही एक कबुलीजबाब द्यावा लागणार आहे.

बंधूभगिनींनो, विक्रीचे शिक्षण देणारे लोक सांगतात की धंद्यात ‘वैयक्तिक संबंध’ हवेत. ऐकायला हे नवे आणि गोड वाटते. आपल्या वाडवडिलांना मात्र यात नवे काय वाटले असते? त्यांच्या वाट्याला वैयक्तिक संबंधच आले होते! बलुतेदारीत गावातले प्रत्येक घर ओळखीचे होते. कोणाच्या घरी कोण मेले, कोणाची गाय व्याली, सगळे ठाऊक असायचे. त्या संबंधात दोनच गोष्टी नव्हत्या. एक, कामाची ठरलेली किंमत. दुसरी, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने, महार वतनासह, रद्द झाली. बाबासाहेब त्यासाठी किती वर्षे झगडले होते, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. गाव सोडून आपली माणसे मुंबईच्या गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना सुटल्यासारखे का वाटले? पगाराच्या दिवशी अनोळखी कारकून मोजून पैसे देत असे आणि त्या नोटेबरोबर कोणाचे उपकार घरी न्यावे लागत नसत. अनोळखी माणसाशी रोखीचा व्यवहार करता येणे ही पूर्वास्पृश्यांच्या दृष्टीने मुक्तीची एक पायरी होती. म्हणून ‘संबंध’ या शब्दाने आपण चटकन भुलू नये.

आमच्या वडिलांचे निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात लहानसे किराणा दुकान होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. दुकानाच्या ओट्यावर एक शेतकरी बाई रोज दुपारी येऊन बसत. माझ्या अभ्यासाची चौकशी करत, वेणी विस्कटलेली दिसली तर आईला हाक मारून बोलत. वडिलांना त्या भाऊ म्हणत. आमच्याकडून त्या काडेपेटी घेत, साबण घेत, चहाची पुडी घेत. तेल मात्र पलीकडच्या आळीतल्या दुकानातून नेत. गूळही तिकडचाच. जे कंपनीतून बांधून आले आहे ते आमच्या हातचे चाले. जे आम्ही मापाने काढून देणार ते चालत नसे.

ही बाई ढोंगी होती काय? मला तसे वाटत नाही. तिचा जिव्हाळा खरा होता. मी चौथीला पहिली आले तेव्हा तिने मला पेन दिले होते. पण तिचा जिव्हाळा आणि तिचा विश्वास यांच्यामध्ये तेलाचे माप आडवे पडलेले होते, आणि ते तिच्याही लक्षात आलेले नसावे. आमच्या वडिलांच्या मात्र लक्षात आलेले होते. ते भांडले नाहीत. तेलाच्या सीलबंद पिशव्या बाजारात येऊ लागल्या तेव्हा त्यांनी उधार-उसनवार करून एक खोके आणले आणि पिशव्या दर्शनी फळीवर मांडल्या. त्या महिन्यापासून त्या बाई तेलही आमच्याकडून नेऊ लागल्या. वडील एवढेच म्हणाले, "प्लास्टिकला विटाळ होत नाही."

पुढे मी पदवीपर्यंत पोहोचले, आमच्या घराण्यातली पहिली. त्या वर्षांत बाबासाहेबांचे चरित्र वाचताना एका प्रसंगापाशी मी थबकले. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. बडोद्याची नोकरी, पारशी वसतिगृहातून झालेली हकालपट्टी आणि १९१७ सालच्या अखेरीस मुंबईला परतणे, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतर काय झाले? पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, आणि शेअरबाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढीही काढली. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस! मुंबईत असा सल्लागार शोधून तरी सापडला असता काय? पेढीचा आरंभ बरा झाला. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे अशी कुणकुण लागली, गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबुर केली. १९२३ मध्ये वकिली सुरू केली, तर सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कामे पाठवीनात.

आता जरा नीट विचार करा. सल्ला ही तेलासारखी वस्तू नव्हे. तिला हात लागत नाही, ती बाटत नाही. शेअरचा भाव खाली येणार की वर जाणार, याचे अनुमान सांगणाऱ्याच्या जातीने बदलत नाही. शिवाय व्यापारी म्हणजे नफ्यातोट्यावर डोळा ठेवणारा माणूस. तरी त्या व्यापाऱ्यांनी स्वतःचा फायदा सोडला आणि पाठ फिरवली. यावरून असे दिसते की बाजार फक्त मालाच्या गुणावर चालतो हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मालाबरोबर विकणाऱ्याचे नाव विकले जाते, आणि आपल्याकडे नावाला जात चिकटलेली असते.

नाशिकच्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर डेल कार्नेगी या अमेरिकन लेखकाचे १९३६ सालचे पुस्तक मराठी अनुवादात आजही पथारीवर विकायला असते. माणसाचे नाव लक्षात ठेवा आणि ते आवर्जून उच्चारा, हा त्यातला एक प्रसिद्ध सल्ला. अमेरिकेतल्या विक्रेत्याला तो लागू पडत असेल. आमचे नाव लक्षात ठेवले गेले तेव्हा काय झाले ते वर सांगितलेच. हे सगळे जुने झाले असेही कोणी समजू नये. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. कायदा काही अंशी मदत करतो. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून व्हावी असे म्हटले आहे. पण दुपारी दार उघडणाऱ्या गृहिणीला कोणते धोरण लागू करणार?

म्हणून तो तरुण आडनाव अर्धे सांगतो. त्याच्या त्या अर्ध्या नावाला खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चोराला घराचा पत्ता न देणे हे काही असत्य नव्हे. परंतु त्याचा प्रश्न आडनावापुरता नव्हता. आपण समोरच्याला फसवतो की नाही, हे तो विचारत होता. आणि इथे मला माझ्या गोष्टीकडे यावे लागते.

बाहेरचा बाजार आपल्यावर विश्वास टाकत नाही, तेव्हा माणूस आतल्या बाजाराकडे वळतो. आपल्याच वस्तीत, आपल्याच नात्यात, आपल्याच विहारात विकू लागतो. यात गैर काहीच नाही. आपल्या माणसाच्या दुकानातून आपण माल घ्यावा असे मलाही वाटते, आणि आपलेच लोक आपल्या माणसाचे दुकान ओलांडून पुढे जातात याची चीड येते. पण या आतल्या बाजाराला एक धोका आहे, तो बाहेरच्याला नाही. इथे संशय घेणे हाच गुन्हा ठरतो.

काही वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ एका गुंतवणूक योजनेचे काम करू लागला. ठरावीक रक्कम भरायची, दोन माणसे आणायची, त्या दोघांनी आणखी दोघे आणायचे. तो मला म्हणाला, "ताई, तू काही करू नकोस. फक्त मी बोलत असताना शेजारी बस." मी बसले. चार-पाच घरांत बसले. तो बोलत होता आणि मी चहा पीत होते. मी एकही शब्द खोटा बोलले नाही, कारण मी काही बोललेच नाही. पण बायका त्याच्याकडे पाहून पैसे देत नव्हत्या. शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहून देत होत्या. त्यांच्या मुलांना मी शिकवले होते.

वर्षभरात ते कार्यालय बंद झाले. भाऊ स्वतःही बुडाला होता, म्हणून त्याला फार बोलताही येईना. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक आजी आहेत. त्यांचे ९,००० रुपये गेले होते. मी त्यांना समजावू लागले की कंपनी अशी निघाली, आमचेही गेले, पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कंपनी कोण ते मला ठावं न्हाई, बाई. मी तुम्हाला दिले."

या वाक्यावर मी अनेक रात्री विचार केला आहे. कायद्याने मी त्यांचे काही देणे लागत नव्हते. पावतीवर माझे नाव नव्हते. पण त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांनी व्यवहार केला होता तो माझ्या तोंडओळखीशी, माझ्या पदवीशी, विहारात पुढच्या रांगेत बसणाऱ्या बाईशी. साखळी पद्धतीने पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्या देशात १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. एवढी शिकलेली मी, मला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नाही. का वाटली नाही? भाऊ आपला होता म्हणून! म्हणजे मीही आजींसारखीच फसले, असे म्हणून सुटता येईल काय? माझ्या मते येत नाही. आजींनी स्वतःचे पैसे पणाला लावले होते. मी पणाला लावला तो त्यांचा माझ्यावरचा विश्वास. तो माझ्या मालकीचा नव्हता, त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलेला होता. दुसऱ्याची ठेव आपल्या भावाच्या धंद्यात घालणे याला काय म्हणतात? अदिन्नादाना वेरमणी या शीलाचा अर्थ आपण पाकीटमारीपुरता मर्यादित ठेवला आहे, असे मला तेव्हापासून वाटू लागले. त्या तरुणाला मुसावादाची चिंता होती. मला दुसऱ्या शीलाची वाटते.

तथागतांनी गृहस्थांना व्यापाराविषयी काय सांगितले, ते मी यानंतर पुन्हा वाचले. आधी परीक्षेसाठी वाचल्यासारखे वाचले होते. भगवंतांचे पहिले उपासक तपुस्स आणि भल्लिक हे फिरते व्यापारी होते. अनाथपिंडिक श्रावस्तीचा सावकार. म्हणजे धम्माला व्यापाराचे वावडे कधीच नव्हते. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, एवढी मर्यादा घातली. अंगुत्तरनिकायात दुकानदारावर एक सुत्त आहे, पापणिक सुत्त. दुकानदाराची भरभराट तीन गुणांनी होते असे त्यात सांगितले आहे. त्याला डोळे असावेत, म्हणजे माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला तर किती उरेल हे त्याला दिसावे. तो खरेदी-विक्रीत कुशल असावा. आणि त्याला आधार असावा. आधार म्हणजे काय? पैसेवाल्या गृहस्थांना तो ठाऊक असतो. हा डोळस आहे, कुशल आहे, बायकामुले पोसून आपले व्याज वेळेवर देईल, हे त्यांनी पाहिलेले असते, म्हणून ते स्वतः होऊन त्याला भांडवल देऊ करतात. सुत्ताचा रोख भिक्खूच्या साधनेकडे आहे, दुकानदार त्यात उपमा म्हणून आला आहे. पण ज्याला दुकान ठाऊक आहे त्यानेच दिलेली ती उपमा आहे.

यातला क्रम पाहा. ओळख तिसरी आली आहे. आधी मालाचे ज्ञान, मग कौशल्य, आणि ते दोन्ही लोकांनी अनुभवल्यावर संबंध. त्या तरुणाला पंधरा दिवसांत शिकवले ते याच्या उलट आहे, ‘माणूस आधी, माल नंतर’. माझ्या भावाने तर पहिल्या दोन पायऱ्या गाळल्याच. योजनेचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्याला दिसत नव्हते. डोळेच नव्हते. होता तो फक्त आधार, आणि तोही माझा.

सिगालोवाद सुत्तात मित्राच्या वेषातल्या शत्रूंची लक्षणे दिली आहेत. नुसते घेणारा, नुसते बोलणारा, तोंडपुजेपणा करणारा, आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. नुसते बोलणारा काय करतो? काल मी तुमच्यासाठी हे करणार होतो, उद्या ते करीन, अशा पोकळ गोष्टींनी जवळीक साधतो, आणि प्रत्यक्ष गरज पडली की अडचण सांगतो. त्याच सुत्तात माणसे जोडण्याची चार साधनेही सांगितली आहेत: दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानता. विक्रीचे शिक्षण देणारे पहिल्या दोहोंवर थांबतात. एखादी भेटवस्तू आणि गोड भाषा. विम्याच्या धंद्यात तर ओळखीपोटी पहिल्या हप्त्यातली काही रक्कम परत देण्याची चाल आहे. १९३८ च्या विमा कायद्यात तिला मनाई आहे, तरी ती मैत्री म्हणून खपते. तिसरे साधन मात्र विक्रेत्याला अवघड जाते. अर्थचर्या म्हणजे समोरच्याच्या हिताचे करणे. म्हणजे प्रसंगी ‘काकू, तुमच्या नळाच्या पाण्याला हे महागडे यंत्र नको, साधे पुरेल’ असे सांगणे. महिनाअखेरचा आकडा डोक्यावर असताना हे तोंडातून निघेल काय?

जातककथांत दोन फेरीवाल्यांची गोष्ट आहे. एक म्हातारी आणि तिची नात, पूर्वीचे श्रीमंत घर आता उघडे पडलेले. घरातल्या अडगळीत काजळी चढलेले एक ताट, सोन्याचे, पण त्यांना ते ठाऊक नाही. नातीला दागिना हवा म्हणून म्हातारी ते ताट पुढे करते. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून पाहतो, सोने ओळखतो, आणि याला कवडीची किंमत नाही म्हणून टाकून जातो. पुन्हा येऊन फुकटात न्यावे असा त्याचा बेत. दुसरा फेरीवाला म्हणजे बोधिसत्त्व. तो सांगतो की आई, हे लाखमोलाचे आहे, एवढे पैसे माझ्याजवळ नाहीत. मग जवळचे सगळे नाणे आणि सगळा माल देतो, नावेच्या भाड्यापुरती आठ नाणी, तराजू आणि झोळी तेवढी मागून घेतो. त्याने त्या बाईंची विचारपूस केल्याचे, वाढदिवस टिपून ठेवल्याचे कथेत नाही. मैत्रीची सगळी खूण त्या एका खऱ्या बोलण्यात आहे, आणि नफाही त्यालाच झाला.

आता नाशिकच्या वाचकांना एक विनंती. त्रिरश्मी लेण्यांत आपण सहलीला जातो, वंदना घेतो, छायाचित्रे काढतो. यापुढे जाल तेव्हा दहा क्रमांकाच्या लेण्यात थोडे थांबा. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा मोठा शिलालेख तिथे आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे भिक्खुसंघाला दान दिले आणि तिथे राहणाऱ्या भिक्खूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे ठेवले असतील? राजवाड्यात नाही, पुरोहिताकडे नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन हे गाव नाशिकच्या पश्चिमेला गोदाकाठी आजही आहे. २,००० एका श्रेणीकडे दरमहा १ टक्का व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी सातवीच्या मुलांना हे गणित घातले होते. २,००० वर महिना २०, वर्षाचे २४०, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजे २४०. एक नाणे इकडे नाही की तिकडे नाही!

राजाच्या जावयाने मागावर बसणाऱ्या माणसांवर एवढा भरवसा टाकला, ही गोष्ट आपल्याला सुखावणारी आहेच. (याच विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. माग तोच, माणूसही तोच. असो.) परंतु मला त्या लेखातील शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असे त्यात लिहिले आहे. दान देणारा राजघराण्यातला, घेणारा संघ, मध्ये विणकरांची प्रतिष्ठित श्रेणी. यांच्यात विश्वास नव्हता काय? होता म्हणून तर ठेव ठेवली. तरीही चारचौघांत वाचले, लिहिले आणि शेवटी दगडावर कोरले. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटले नाही.

आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. ‘आपलाच माणूस, पावती कशाला?’ मी त्या चार-पाच घरांत बसले तेव्हा एकाही घरातून कागद मागितला गेला नाही. मागितला असता तर माझा भाऊ दुखावला असता, आणि कदाचित मीही. त्या दुखावण्याच्या भीतीवरच ती योजना चालली होती. जिथे नकार दिल्याने नाते तुटेल, तिथे विकत घेणारा मोकळा नसतो. तो बलुतेदारासारखाच बांधलेला असतो, फक्त यावेळी दोर ‘जयभीम’चा असतो. बाबासाहेबांच्या नावाने केलेला नमस्कार असा वापरला जावा, याहून वाईट ते काय? मालाची शिफारस करणारा माणूस बाजारात पुष्कळ मिळेल. तुम्ही ‘नको’ म्हणालात तरी पुढच्या रविवारी विहारात तुमच्या शेजारी तसाच येऊन बसणारा विक्रेता मला भेटला, तर त्याच्या चौकशीत आणि वाढदिवसाच्या वहीत मी खोट काढणार नाही. त्याने माझी मुले विचारली काय, न विचारली काय.

आजींचे ९,००० मी फेडते आहे. दरमहा ५००. पहिल्या महिन्यात मी पैसे नुसते हातात ठेवले. दुसऱ्या महिन्यात दुरेघी वही नेली, त्यात रक्कम लिहिली आणि त्यांना सही करायला सांगितले. त्यांना राग येईल असे वाटले होते. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, नातवाला हाक मारली आणि आधीच्या महिन्याचे ५०० का लिहिले नाहीत ते विचारायला लावले.

तो तरुण परवा पुन्हा भेटला. माझ्या जुन्या उत्तराबद्दल मी त्याच्याजवळ दिलगिरी व्यक्त केली आणि हे सगळे त्याला सांगितले. तो म्हणाला की त्याने गेल्या आठवड्यात एक करून पाहिले. यंत्रातून काढलेले पाणी गिऱ्हाइकाला चाखायला द्यावे लागते. तो पेला पुढे करण्याआधी त्याने आपले पूर्ण नाव सांगायचे ठरवले. दोन घरांत पाणी न पिताच ‘विचार करून कळवतो’ म्हणाले. तिसऱ्या घरातल्या बाईंनी नाव ऐकले, आत गेल्या, स्वयंपाकघरातला आपला पेला घेऊन आल्या, त्यात पाणी घेतले, प्यायल्या आणि यंत्र घेतले.

"बाई," तो म्हणाला, "त्यांनी पेला घरातला का आणला? माझा पेला दिवसभर दहा घरी फिरतो, तो स्वच्छ नसेल म्हणून, की नाव ऐकले म्हणून?"

मी त्याला विचारले, त्यांचा चेहरा कसा होता. तो म्हणाला, चांगला होता, हसत होत्या, माझ्या आईची चौकशी करत होत्या.